शेपू, कंसात आंबा

शीर्षकाच्या चौकटीत कर्सर लुकलुकतो
आणि मी पहिल्याच पायरीवर अडलेली.
नुसतं 'शेपू' लिहिलं तर पान उघडतं भाजीचं,
जुडी, मूगडाळ, नाक मुरडणारी पोरं,
सगळं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं.
म्हणून शेपू, मग कंस, कंसात आंबा.
कंसात घातलं की मामाच्या कोठडीत टाकल्यासारखं वाटतं.
पण नियम आहे,
आणि नियम मीच शिकवते, शिराळ्याच्या वाचनालयात
दर शनिवारी येणाऱ्या चार मुलांना.

झाड ओढ्याच्या वळणावर आहे.
एकच आहे.
फळ मुठीएवढं, पिकलं तरी हिरवंच,
सोलताना बोटांना बाळंतिणीच्या खोलीचा वास लागतो.
अलीकडं म्हणून शेपू.
वारणेपलीकडं त्यालाच बाळंतशेप म्हणतात.
आणि हुसेन मुलाणी,
ज्यांनी चाळीस हंगाम झेला घेऊन ते झाड उतरवलं,
ते म्हणाले, "त्यो व्हय? त्यो तानूबाईचा."
तानूबाई कोण, त्यांनाही ठाऊक नाही.
सातबाऱ्यावर नाही, कुठल्या यादीत नाही,
एका 'चा'पुरती उरलेली बाई.

दोन्ही नावांवरून मी वाट वळवून दिली.
कुणी कुठूनही निघो,
पोचेल ओढ्यावरच.

उलटंही आहे.
साखऱ्या नावाची तीन झाडं, तीन बांधांवर.
एकाचा रस पाण्यासारखा,
एकाची कोय दाढी वाढलेल्या माणसासारखी,
तिसरा आंबट आहे,
मालकाच्या शब्दाखातर गोड.
यांचं एक पान करायचं की तीन?

मग वर्ग.
रसाचे, लोणच्याचे, आढीत घालायचे,
आणि मी हौसेनं एक उघडला होता:
'उभ्यानं, कोपरापर्यंत ओघळ येऊ देऊन खायचे.'
दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढून टाकला.
कारण दिलं होतं, विश्वकोशीय नाही.
खरं आहे. नव्हताच.

उजवीकडच्या तक्त्यात रकाने असतात.
उंची, मोहोर, हंगाम.
एका रकान्याचं नाव, जात.
मी 'रायवळ' लिहिलं
आणि मोठ्यानं वाचून दाखवलं हुसेनभाईंना,
ते पायरीवर बसून झेल्याची जाळी विणत होते.
"झाडालाबी इचारत्यात व्हय?" म्हणाले,
हसत नव्हते.
सुतळीची गाठ दातांनी ओढली त्यांनी.

मी रकान्याचं नाव बदललं. वाण.
हा शब्द बरा. संक्रांतीला हातावर ठेवतात तेही वाण,
आणि एखादी गोष्ट मिळेनाशी झाली
की तिचीही पडते ती वाणच.

संदर्भ मात्र अजून नाही.
प्रत्येक वाक्याच्या डोक्यावर चिमुकलं बोट उभं आहे,
हे कुठून, हे कुणी सांगितलं.
छापील काही? नाही.
कोय रुजवली तर तेच येईल? नाही,
पोर बापावर जाईलच याचा भरवसा
आंब्यात कुणी देत नाही.
कलम बांधलंय का? मागच्या जूनमध्ये दोन बांधली,
एक शेळीनं खाल्लं,
दुसऱ्याबद्दल मी अजून काही लिहीत नाही.
सध्या क्रियापद 'आहे'.
बदलायचं झालं तर एक शब्द पुरेल.

रात्री जतन केलं.
'रायवळ आंब्याचे वाण' हा वर्ग निळा झाला,
त्याखाली यंत्रानं आपणहून एक ओळ लिहिली,
या वर्गात फक्त एकच पान आहे.

सकाळी हुसेनभाईंना वाचून दाखवली.
त्यांनी ओढ्याकडं मान वळवून पाहिलं.
"एकच पान?" म्हणाले,
"एवढ्या झाडाला?
नीट मोज की, पोरी."